परत घेतलेली साक्ष

मुलुंडच्या आमच्या मराठी चर्चच्या मंडळीत संदेशाआधी, म्हणजे प्रवचनाआधी, साक्षीची वेळ असते. पाळकसाहेब चष्मा काढून पुसायला घेतात आणि म्हणतात, "कुणाला देवाचे उपकार मानायचे असतील तर उभं राहावं." मग कुणीतरी उभं राहतं. कुणाच्या मुलाला व्हिसा मिळालेला असतो, कुणाचा मुतखडा ऑपरेशनशिवाय पडून गेलेला असतो, कुणाच्या बिल्डिंगला एकदाचं दोन वेळचं पाणी सुरू झालेलं असतं. सगळे "आमेन" म्हणतात आणि साक्ष देणारा घाम पुसत खाली बसतो. लहानपणापासून मी हे ऐकत आले आहे आणि लहानपणापासून मला एक प्रश्न पडलेला आहे. ज्यांचा व्हिसा नाकारला जातो ती माणसं कुठे असतात? माझ्या पाहण्यात तरी ती मागच्या बाकावर असतात आणि आशीर्वाद संपायच्या आत चपला घालून सटकतात.

म्हणजे सटकायची. आमच्या वनमालेने ही सगळी घडी विस्कटून टाकली.

वनमाला माझी भावजय, माझ्या धाकट्या भावाची, माणिकची बायको. मी शकुंतला हिवाळे. सगळे शकुताई म्हणतात. महापालिकेच्या शाळेत क्लार्क होते, आता निवृत्त आहे, घाटकोपरला एकटी राहते. लग्न केलं नाही, त्यामुळे माणिकवर ओरडायला मला आयुष्यभर भरपूर सवड मिळाली. चर्चला मी नेमाने जाते, पण खरं सांगायचं तर सवयीने जाते आणि थोडी नंतरच्या चहासाठी जाते. वनमालेचं तसं नाही. तिचे वडील जालन्याकडे सायकलवरून गावोगाव पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, पुस्तकं विकायचे. तो चिवटपणा तिच्यात उतरलाय. सोसायटीच्या सेक्रेटरीशी बोलावं तशी ती देवाशी बोलते. आधी विनंती, मग आठवण, मग सरळ तक्रार. आणि हे सगळं मोठ्याने, कणीक मळता मळता. नवीन माणसाला वाटतं, स्वयंपाकघरात आणखी कुणीतरी बसलंय.

मुलुंड पूर्वेला दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती पाळणाघर चालवते. मुलं तिला वनुमावशी म्हणतात. जेवणाआधी सगळी चिल्लीपिल्ली हात जोडून एका सुरात म्हणतात, "देवा, जेवण दिलंस, भूक दिलीस, आता न भांडता संपवायला मदत कर." ही प्रार्थना वनमालेनेच जुळवली आहे. मुलं सगळी हिंदू घरांतली, म्हणून ती त्यांना बजावते, "इथे इथलं म्हणायचं, घरी घरचं." पण मुलंच ती. चार वर्षांच्या निधीने घरी गणपतीची आरती संपल्यावर खणखणीत आवाजात "आमेन" म्हटलं. तिची आई रेवती घाबरली होती, पण आजोबा म्हणाले, "म्हणू दे, शेवटपर्यंत उभी तर राहिली." रेवतीने हे सांगितलं तेव्हा वनमाला इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं.

आता माणिक. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याची खोकी छापायच्या कारखान्यात तो मशीनवर आहे. स्वभावाने लोणी. आणि ढोलकी अशी वाजवतो की आमच्या मंडळीतले ब्याऐंशी वर्षांचे आजोबासुद्धा भजनाला मान डोलावतात. फक्त प्यायचा. प्यायला की आरडाओरडा नाही, मारहाण नाही. उलट सगळ्यांची माफी मागत सुटायचा. बायकोची, माझी, शेजाऱ्यांची, एकदा तर पंख्याची. ऐकायला गंमत वाटते. पण दोनदा तो जिन्यावरून पडला, कारखान्यातून दोनदा ताकीद मिळाली, आणि मुलं जायच्या आत तो घरी येऊ नये म्हणून रोज संध्याकाळी वनमालेचा जीव टांगणीला लागायचा. त्यात गंमत काही नव्हती.

नाताळच्या उपासनेला तो थोडीशी घेऊन आला. थोडीशी हा त्याचा शब्द. पहिलं गीत सुरू झालं आणि ढोलकी जी पळत सुटली ती थांबेचना. गायनमंडळ मागे पडलं, बायका तिसऱ्या कडव्यावर, पुरुष दुसऱ्यावर, आणि माणिक गीत संपवून टाळ्यांची वाट बघत बसलेला.  उपासनेनंतर पाळकसाहेबांनी ढोलकीला खोळ घातली, ती कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात टाकली.  माणिककडून ढोलकी जाणं म्हणजे काय, ते आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.

लेंट आला, म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपवासाचा काळ. आमच्याकडे त्या दिवसांत प्रत्येक जण आवडीची एखादी गोष्ट सोडतो. कुणी मटण, कुणी सिरियल. मी दरवर्षी कारलं सोडते. वनमालेने माणिकसमोर बसून सांगितलं, "अहो, तुम्ही दारू, मी चहा."

माणिक तिच्याकडे बघतच राहिला. कारण ही बाई सकाळचा चहा घेतल्याशिवाय देवाशीसुद्धा बोलत नसे.

"तुला नाही जमायचं, वने," तो म्हणाला.

"मग दोघं मिळून पडू," ती म्हणाली. "एकटं तर पडायला नको."

पहिले काही दिवस वाईट गेले. त्याचे हात थरथरायचे, अंगाला घाम सुटायचा. वनमाला त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली आणि गोळ्या व प्रार्थना दोन्ही वेळच्या वेळी देत राहिली. ती स्वतः डोकं धरून बसायची, मुलांवर उगाच खेकसायची आणि मग मुलांची माफी मागायची. एका घरात दोन माफी मागणारे, मला तर तिथे जायचीच भीती वाटायला लागली.

मलाही काम लावलं होतं. माणिक अंधेरीहून मेट्रोने घाटकोपरला येतो आणि तिथून मुलुंडची गाडी पकडतो. मेट्रोतून उतरल्यावर पुलावरून सरळ रेल्वेकडे जायचं की जिना उतरून रस्त्यावर, एवढाच त्याच्या आयुष्याचा प्रश्न होता. रस्त्यावर बार होता. म्हणून मी रोज संध्याकाळी भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी घेऊन पुलावर उभी. तो आला की पुडी त्याच्या हातात द्यायची आणि त्याला रेल्वेच्या बाजूला ढकलायचं. कुरियरचं पार्सल पुढे पाठवावं तसं. तो म्हणायचा, "ताई, पोचपावती घेतलीस का?" मी म्हणायचे, "गप चाल, माणक्या." मला तो रोजचा फेरा मनापासून आवडायला लागला होता. इतक्या वर्षांत भावाशी रोज बोलायला मिळालं नव्हतं.

आणि जमलं की! लेंटभर माणिकने थेंबाला स्पर्श केला नाही. त्याचा चेहरा उजळला, तो निधीला खांद्यावर बसवून पाळणाघरभर फिरवायला लागला.

ईस्टरच्या सकाळी वनमालेने मोठा पेला भरून आल्याचा चहा केला आणि तो डोळे मिटून प्यायली. मग आणखी एक. मग नवी साडी नेसून ती चर्चला आली आणि साक्षीच्या वेळी सगळ्यांच्या आधी उभी राहिली.

"देवाने माझ्या नवऱ्याची दारू सोडवली," ती म्हणाली. पुढे तिला बोलता आलं नाही, ती रडायला लागली. सगळं चर्च टाळ्या वाजवता वाजवता रडायला लागलं. मीही रडले, मी कशाला लपवू. पाळकसाहेबांनी तिथल्या तिथे कपाट उघडलं आणि ढोलकी माणिकच्या मांडीवर आणून ठेवली. त्या दिवशी तो असा वाजवत होता की पोरं बाकावर उभी राहिली.

उपासना संपल्यावर लोकांनी त्याला घेरलं. कुणी मिठी मारतंय, कुणी डोक्यावर हात ठेवतंय. एका बाईंनी तर "माझ्या भाच्याला तुमच्याकडे पाठवते, त्याला समजवा" म्हणून दिवससुद्धा ठरवून टाकला. श्यामसुंदर मास्तर आमच्या मंडळीचे 'वडील', म्हणजे पंचांपैकी एक आहेत, निवृत्त शिक्षक, मुलगा कॅनडात. दर महिन्याला त्या मुलाच्या प्रगतीची साक्ष ते देतात, आम्हाला आता तिथलं हवामानही पाठ झालंय. त्यांनी जाहीर केलं की पुढच्या मेळाव्यात माणिकभाऊंनी स्वतः पाऊण तास बोलावं, विषय 'विजयी जीवन'. माणिक हसत होता. फोटोवाला "आणखी एक, आणखी एक" म्हणत राहिला की माणूस कसा हसतो, तसं. मी ते पाहिलं. पण तेव्हा हातात केक होता, लक्ष केकात होतं.

त्याच आठवड्यात मी पुलावर शेंगदाणे घेऊन उभी राहिले आणि माणिक आलाच नाही. तो दुसऱ्या टोकाच्या जिन्याने खाली उतरला होता. मी पुडी हातात घेऊन किती तरी वेळ येणारी माणसं बघत बसले, मग वनमालेला फोन केला. तिने उचलला नाही.

पुढचं मला नंतर कळलं. रेवतीला त्या दिवशी ऑफिसात उशीर झाला होता. बाकीची मुलं गेली होती, निधी एकटीच उरली होती. माणिक आला, दारातच म्हणाला, "वने, मी तुझी साक्ष पाडली गं," आणि मुलांच्या सतरंजीवर आडवा झाला. वनमाला पाणी आणायला आत गेली. बाहेर येऊन बघते तर निधीने स्वतःचं छोटं पांघरूण माणिकच्या पोटावर घातलं होतं आणि त्याला थोपटत होती. "झोप आता. डोळे मीट. शहाणा आहे ना तू?" रोज दुपारी वनमाला जे म्हणायची तेच शब्द. आणि रेवती दारात उभी.

 रेवतीने निधीला उचललं, दप्तर घेतलं आणि गेली. दुसऱ्या दिवशी निधी आली नाही. त्यानंतर आणखी दोन मुलं यायची बंद झाली.

मला वाटलं, वनमाला रडेल, माणिकला बोलेल. इतकी वर्षं तिने हे पाहिलं होतं, तिला त्यात नवीन काय? पण मी मुलुंडला गेले तेव्हा घरात वेगळंच काहीतरी होतं. ती कणीक मळत होती आणि गप्प होती. ओठसुद्धा हलत नव्हते. जेवायला बसल्यावर उरलेल्या मुलांनी हात जोडले आणि तिच्याकडे बघत राहिली. ती म्हणाली, "जेवा." नुसतं जेवा. मुलं एकमेकांकडे बघायला लागली.

तेव्हा मला खरी भीती वाटली. भाऊ पितो ही मला सवय होती. पण वनमाला देवाशी बोलत नाही, हे मी कधी बघितलं नव्हतं. मी किती वेळा तिची चेष्टा केली होती त्या बडबडीवरून. आता वाटत होतं, कुणीतरी तिला पुन्हा बोलतं करा.

"काय झालंय तुला?" मी विचारलं.

"ताई, मी देवाच्या घरात खोटं बोलले."

"खोटं कसलं? त्या दिवशी ते खरं होतं."

"मी 'सोडवली' म्हणाले. सुटली कुठे होती?"

"बरं, मग आता गप्प बस. कुणी विचारलं तर सांग, माणिकला ताप आहे. महिन्याभरात लोक विसरतील."

"ताप आहे म्हणून सांगू? म्हणजे आणखी एक खोटं?" ती माझ्यावर डाफरली. मला बरं वाटलं, निदान आवाज तरी निघाला. "ताई, कोर्टात साक्ष दिली आणि मग ती चुकीची निघाली तर माणसाने काय करायचं?"

"कोर्टात गेलेच नाही मी कधी. आणि हे बघ, चर्चमध्ये असं कुणी करत नाही."

"तेच तर," वनमाला म्हणाली.

खालच्या मजल्यावर सुगंधाबाई राहतात, मूळच्या मालवणकडच्या, नवरा गिरणीत होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. मी जाताना त्या दारातच भेटल्या. "काय गो शकुताई, तुमची वनमाला आज गाना म्हणूक नाय? वरसून आवाजच नाय. माका करमाक नाय." मी काय सांगणार? म्हटलं, घसा बसलाय. मी मात्र खोटं बोलून मोकळी झाले, मला त्याचं काही वाटलं नाही.

रविवारी वनमाला एकटीच चर्चला आली. ढोलकी पुन्हा खोळीत होती. पाळकसाहेबांनी चष्मा पुसायला घेतला आणि ती उभी राहिली. मी तिचा पदर ओढला. तिने तो सोडवून घेतला.

"ईस्टरला मी इथे उभी राहून म्हणाले होते, देवाने माझ्या नवऱ्याची दारू सोडवली. ती साक्ष मी परत घेते. ते पुन्हा प्यायलेत."

पाळकसाहेबांचा हात चष्म्यावरच थांबला. आमच्या उपासनेच्या क्रमात साक्ष परत घ्यायला जागाच नाही. ते म्हणाले, "भगिनी, आपण नंतर..." आणि उगाच गीतांच्या पुस्तकाची पानं उलटायला लागले.

"नंतर नको," वनमाला म्हणाली. मुलाने भाजी टाकली तर ती ज्या आवाजात बोलते, त्याच आवाजात. "लेंटभर ते प्यायले नाहीत, हे खरं आहे. ते देवाने केलं, हेही खरं आहे. मी त्यांना ओळखते, एकट्याने त्यांना ते जमलं नसतं. चूक माझी झाली. मी चहा सोडला होता आणि ईस्टरला मी चहा प्यायले. माझा लेंट संपला. त्यांचा कुठे संपला होता? मी मात्र इथे येऊन संपला म्हणून सांगितलं, तुम्ही टाळ्या वाजवल्या, आणि तो माणूस मधल्यामध्ये एकटा पडला."



"आणि मी देवावर रागावलेय. हेही सांगते, कारण पुन्हा अर्धी साक्ष द्यायची नाही मला. त्याने हे का होऊ दिलं, मला कळत नाही. पण रागावले म्हणून घरी बसले नाही, इथे आले. आजची साक्ष एवढीच."

ती खाली बसली.  मी तिचा हात धरला. आमच्यात असं हातबित धरायची पद्धत नाही, पण धरला.

"आमेन" म्हणायचं की नाही, कुणालाच कळेना. तेवढ्यात श्यामसुंदर मास्तर उठले. मला वाटलं, आता कॅनडा. मास्तरांनी घसा साफ केला, खिशातून रुमाल काढला, पुन्हा ठेवला.

"माझा मुलगा," ते म्हणाले, "मला फोन करत नाही. बरेच दिवस झाले. मी जे सांगतो ते सुनेच्या भावाकडून ऐकलेलं असतं. प्रार्थना करा." आणि बसले.

मग काय, मागच्या बाकावरून एक बाई उठल्या, त्यांचा मुतखडा परत आला होता. मग आणखी कुणी. उपासना इतकी लांबली की बाहेर किटलीतला चहा निवून गेला. पाळकसाहेबांनी संदेश आवरता घेतला, जो एरवी ते कधीच आवरत नाहीत. तेवढ्यासाठी तरी मंडळीने वनमालेचे उपकार मानायला हवेत. हल्ली चष्मा पुसताना ते म्हणतात, "कुणाला उपकार मानायचे असतील, किंवा..." आणि थांबतात. किंवाच्या पुढे काय म्हणायचं ते त्यांना अजून सुचलेलं नाही.

घरी माणिक भिंतीकडे तोंड करून पडला होता. वनमाला आत गेल्यावर त्याने मला हळूच विचारलं, "काय बोलली ती? माझी लाज काढली ना?"

मी त्याला शब्दन्‌शब्द सांगितला. तो उठून बसला.

"म्हणजे आता सगळ्यांना कळलं."

"सगळ्यांना आधीच माहीत होतं रे, माणक्या. कुजबुज तेवढी थांबेल आता."

"आणि ते मेळाव्याचं भाषण?"

"तुझ्या 'विजयी जीवना'चं? रद्द झालं असावं."

माणिकने असा श्वास सोडला की जणू कुणी त्याच्या पाठीवरून गोणी उतरवली. मग तो रडला. आत कुकरची शिटी झाली आणि वनमालेचा आवाज आला, "तुला सगळं दिसतं ना? मग बघत काय बसतोस? काहीतरी कर की!" मी चटकन आत डोकावले. तिच्यासमोर कुणीच नव्हतं. ती कांदा चिरत होती आणि देवाला झापत होती. मला इतकं हलकं वाटलं की मी न सांगता तिला चार कांदे चिरून दिले.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं मी लिहिलं तर वनमाला मला हा कागद परत घ्यायला लावेल. माणिक काही दिवस प्यायचा नाही, मग एक दिवस प्यायचा. डॉक्टरांकडे पुन्हा जायला लागला. मला म्हणाला, "ताई, तू पुलावर नको येत जाऊस. तुला चुकवायला मी शिकलोय. त्यापेक्षा जीव घाबरा झाला की मीच तुझ्या घरी येईन." आणि काही संध्याकाळी येतो. माझ्याकडे बसून शेंगदाणे खातो, मी बातम्या लावते, तो टेबलावर ठेका धरतो. तलफ गेली की उठून गाडी पकडतो.

निधीही परत आली. रेवती म्हणाली, "ती घरी दुपारी झोपतच नाही, आणि मावशी, तुमच्यावर माझा राग नाहीच आहे. पण काका..." वनमालेने तिथेच नियम केला. मुलं घरात असताना माणिक प्यायलेला असला तर त्याने वर यायचं नाही, सुगंधाबाईंच्या दारातल्या खुर्चीवर बसायचं. सुगंधाबाई म्हणाल्या, "बसांदे गो. माझो घोव पण थयच बसायचो." तेव्हापासून माणिक त्या खुर्चीवर बसलेला दिसला की अख्ख्या बिल्डिंगला समजतं आणि कुणी काही बोलत नाही. खुर्ची रिकामी असली की तेही समजतं.

शाळा सुरू झाल्यानंतरच्या एका रविवारी आम्ही दोघी चर्चमध्ये बसलो होतो. पहिलं गीत संपलं आणि दार करकरलं. माणिक आला. ईस्टरनंतर पहिल्यांदा. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, आणि तो थेट मागच्या बाकावर जाऊन बसला. वनमालेने वळून बघितलं नाही. तिचा कान मात्र लाल झाला होता.

पाळकसाहेबांनी चष्मा काढला. "कुणाला उपकार मानायचे असतील, किंवा..."

मागे बाक सरकल्याचा आवाज झाला. माणिक उभा होता. पुढच्या बाकाची पाठ त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"काल प्यायलो होतो," तो म्हणाला. "आज नाही."

बस. बसला खाली.

 टाळ्या वाजवायला हात कुणाचाच उठला नाही, आणि ते बरंच झालं. मग वनमालेने, समोर बघतच, निधीसारखंच खणखणीत म्हटलं, "आमेन."

दुसरं गीत सुरू झालं. ढोलकी कपाटातच होती, किल्ली कुणी मागितली नाही, कुणी दिलीही नाही. पण दुसऱ्या कडव्यापासून मागच्या बाकावरून बोटांचा ठेका ऐकू यायला लागला. लाकडावर, हळू. मी कान देऊन ऐकलं. ठेका अजिबात पळत नव्हता. सगळे एकाच कडव्यावर होते.

उपासना संपल्यावर मी किटलीपाशी गेले आणि दोन कप भरून आणले, एक माझा, एक वनमालेचा. माणिक तिच्या बाजूला येऊन उभा होता.  मी कप पुढे केला. आल्याचा वास येत होता, आणि ईस्टरपासून ही बाई दिवसाला सहा-सहा कप चहा पीत होती, हे मला पक्कं माहीत होतं.

तिने कपाकडे बघितलं, मग माणिककडे.

"काल घेतला होता, ताई," वनमाला म्हणाली. "आज नाही."

दोन्ही कप मीच प्यायले.